शेवटचा पोचेपर्यंत

डोंगरातल्या पायवाटेवर सायकल चांगली चालवता येणं आणि नवख्यांना तिथे पहिल्यांदा घेऊन जाणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं येतं म्हणून दुसरं जमेलच असं नाही. उलट पहिलं फारच चांगलं येत असेल तर ते दुसऱ्याच्या आड येतं. सराईताच्या नजरेत न भरणारा दगड नवख्याला हत्तीएवढा दिसतो. सराईत ज्याला ‘बारीकसा चढ’ म्हणतो, त्याच चढाच्या मध्यावर कोणीतरी सायकल आडवी टाकून, गुडघ्यांवर हात टेकून, आपल्याला ही दुर्बुद्धी कशी झाली याचा विचार करत उभं असतं.

म्हणून वाट निवडताना आपल्याला चक्क कंटाळवाणी वाटेल अशीच निवडावी. अंतर आठ ते बारा किलोमीटर, सगळा मिळून चढ दीडशे-दोनशे मीटर, बऱ्याच ठिकाणी दोन सायकली शेजारून जातील एवढी रुंदी, आणि मध्येच सोडून रस्त्याला लागता येईल अशा एक-दोन जागा. सराईत माणूस हे पाऊण तासात उरकतो. नवख्यांच्या गटासाठी दोन-अडीच तास धरावेत. चढ आधी आणि उतार नंतर, हा क्रम पाळावा. सुरुवातीलाच मजेत उतरून शेवटी दमल्या पायांनी चढायला लावलं, तर घरी गेल्यावर तो शेवटचा चढच तेवढा आठवतो. पावसानंतर माती ओली असेल तर बेत पुढे ढकलावा. चिखलात चाकांच्या खोल चाकोऱ्या उमटतात, त्या वाळून दगडासारख्या होतात आणि पुढे प्रत्येकाचं पुढचं चाक त्यांत अडकतं.

निघायच्या जागी सगळे जमले की पहिली वीस मिनिटं सायकलींची. नवखा माणूस बहुधा कोणाची तरी मागून आणलेली किंवा वर्षभर कोपऱ्यात उभी असलेली सायकल घेऊन येतो आणि टायर अंगठ्याने दाबून ‘एकदम टाइट हवा भरून आणलीय’ असं अभिमानाने सांगतो. तीच तर अडचण असते. ट्यूब असलेल्या सव्वादोन इंची टायरला, साठ-सत्तर किलोच्या माणसासाठी, पुढे २५ आणि मागे २८ पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास हवा पुरते. टायरच्या बाजूवर छापलेला ५०-६०चा आकडा ही कमाल मर्यादा असते, सल्ला नव्हे. दगडासारखं कडक टायर खड्यावरून उसळतं आणि जमीन सोडतं. थोडं मऊ टायर खड्याला धरून बसतं. मात्र फारच मऊ केलं तर दगडावर आपटल्यावर ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी.

मग चाकं. क्विक रिलीजची, म्हणजे पान्याशिवाय चाक काढता येणाऱ्या खिट्टीची, दांडी बंद करताना तळहातावर तिचा वळ उठला पाहिजे. सहज मिटली तर ती ढिली आहे. हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं आहेत का ते बघावं. उघडी नळी पडताना पोटात रुतते, आणि ती जखम साधी नसते. ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवली की हँडलच्या मुळाशी ‘कट्’ आवाज होतो का ते कळतं; झाला तर तिथे काहीतरी ढिलं आहे. आणि हसू नका, पण पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, उलटा बसवलेली सायकलही अधूनमधून येते. डिस्क ब्रेक असेल तर त्याचा कॅलिपर, म्हणजे चाकावरच्या धातूच्या चकतीला (डिस्कला) पकडणारा भाग, फोर्कच्या मागच्या बाजूला हवा. तो पुढे तोंड करून बसला असेल तर सायकल कोणीतरी घाईत जोडली आहे असं समजावं. तिचे बाकीचे बोल्टही मग एकेक करून बघावे लागतात.

हेल्मेटबद्दल फार बोलायचं नाही. भुवईच्या वर दोन बोटं, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढाच पट्टा सैल. मागे सरकून कपाळ उघडं पडलेलं हेल्मेट टोपीच्याच लायकीचं.

सीटचा मामला जरा वेगळा. चढासाठी उंची ठरवण्याची सोपी रीत अशी: सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवायची, आणि पॅडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. नवख्याला ही उंची भीतिदायक वाटते, कारण बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकत नाहीत. पण खाली ठेवली तर पहिल्या चढातच गुडघे बोलू लागतात. उतार आला की सीट पाच-सहा सेंटिमीटर खाली घ्यायची, म्हणजे अंग मागे न्यायला जागा मिळते. हँडलवरच्या बटणाने सीट वरखाली होणारी सायकल असली तर उत्तम, नाहीतर खिशात एलन की (षटकोनी किल्ली) ठेवावी. सीटच्या दांड्यावर कोरलेली कमाल उंचीची खूण फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे. ती बाहेर दिसू लागली की दांडा तरी वाकतो, नाहीतर फ्रेम तडकते.

आता ब्रेक. इथे मात्र घाई करायची नाही, कारण पहिल्या दिवशीच्या बहुतेक पडण्यांचं मूळ इथे असतं. पुढचा ब्रेक काही सायकलींना उजव्या हाताला असतो, काहींना डाव्या. ज्याचा त्याने चाक फिरवून, दाबून बघावा. ‘पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून उडतो’ हे लहानपणी कोणीतरी मनावर बिंबवलेलं असतं, त्यामुळे नवखा फक्त मागचाच दाबतो. ब्रेक लागताना सगळं वजन पुढे सरकतं, मागचं चाक हलकं होतं, म्हणून एकट्या मागच्या ब्रेकने सायकल थांबत नाही, नुसती घसरत राहते. थांबवण्याचं खरं काम पुढचंच चाक करतं. उडतो तो पुढचा ब्रेक दाबल्यामुळे नाही, तर तो एकदम करकचून दाबल्यामुळे, आणि हात सरळ ताठ ठेवून अंग पुढे झुकवल्यामुळे.

सपाट मोकळ्या जागेवर दोन दगड ठेवून याचा सराव करून घ्यावा. जोरात येऊन पहिल्या दगडाशी ब्रेक लावायचे, दुसऱ्याच्या आत थांबायचं. पहिल्या फेरीत नुसता मागचा, मग दोन्ही, मग दोन्ही लावताना कंबर सीटच्या मागे नेऊन. तिसऱ्या फेरीला थांबायचं अंतर इतकं कमी होतं की माणूस ब्रेककडे नव्याने बघतो. प्रत्येक लिव्हरवर एकच बोट, बाकीची बोटं हँडलवर. लिव्हर लांब वाटत असेल तर तिच्याजवळच्या छोट्या स्क्रूने ती जवळ आणता येते. लहान हाताच्या माणसासाठी ही दोन मिनिटांची कामगिरी पुढचे दोन तास सुसह्य करते.

ब्रेक सतत घासत उतरायचं नाही, हेही तिथेच सांगावं. दाबायचे, वेग मारायचा, सोडायचे. या खेळाच्या, म्हणजे माउंटन बाइकिंगच्या, जन्मकथेतच ब्रेकचा धूर आहे. १९७६ साली कॅलिफोर्नियात, फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उभ्या मातीरस्त्यावर काही हौशी मंडळी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन उताराच्या शर्यती लावू लागली. त्या सायकलींना उलटं पॅडल मारल्यावर लागणारा ब्रेक मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या तुंब्यात, असे. खाली पोचेपर्यंत तो इतका तापे की आतलं ग्रीस जळून जाई, आणि हब खोलून नवं ग्रीस भरावं लागे. त्यावरून शर्यतीचं नाव पडलं ‘रीपॅक’. आता ग्रीस जळत नाही, पण लांब उतारानंतर डिस्क चांगलीच तापलेली असते. कुतूहलाने तिला बोट लावणारा एखादा असतोच, त्याला आधीच सांगून ठेवावं.

उतारावर उभं कसं राहायचं, हे चालती सायकल दाखवूनच कळतं. दोन्ही पॅडल एका पातळीत, टाचा किंचित खाली, कोपरं बाहेर वाकलेली, पार्श्वभाग सीटपासून वेगळा. एक पॅडल खाली ठेवून उतरणाऱ्याचं पॅडल दगडाला आपटतं आणि सायकल जागच्या जागी उलटते. बाकी राहते नजर. माणूस जिथे बघतो तिथे सायकल जाते. दगडाकडे बघत ‘याला चुकवायचंय, याला चुकवायचंय’ म्हणणारा बरोब्बर त्याच दगडावर जातो. म्हणून ‘दगड बघ’ असं ओरडू नये. ‘डावीकडून ये’ म्हणावं.

चढावर गिअर. पुढे तीन-तीन दातेरी चकत्या असलेल्या सायकलीवर नवख्याला डाव्या हाताचा गिअर विसरायला सांगावं. चढापुरती लहान चकती निघतानाच लावून द्यायची, आणि त्याने फक्त उजवा गिअर बदलायचा. तोही चढ लागण्याआधी. पायाखाली जोर येईपर्यंत थांबून मग गिअर टाकला की साखळी कडकडते, आणि फारच जोर असला तर तुटते किंवा उतरते. उतरलेली साखळी बसवणं सोपं असतं. मागच्या डिरेलरचा (गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाचा) पाय पुढे ढकलून साखळी सैल करायची, पुढच्या चकतीच्या खालच्या दात्यांवर अडकवायची आणि पॅडल हाताने उलटं, मागे फिरवायचं. पण ती तुटली तर त्याच स्पीडची जोडकडी लागते. दहा स्पीडची कडी बारा स्पीडच्या साखळीला चालत नाही, म्हणून थैलीत गटातल्या सायकलींना लागतील त्या कड्या असाव्यात. सोबत ट्यूबा, टायर काढायचे लिव्हर, पंप, चार-पाच-सहा मिलीमीटरच्या एलन की आणि डिस्कच्या बोल्टांसाठी टी-२५ ही चांदणीच्या टोकाची किल्ली.

पंक्चर झालंच तर नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोटं हळूच फिरवून काटा शोधायचा. तो आतच राहिला तर नवी ट्यूबही शंभर मीटरच टिकते. आणि चाक काढलेलं असताना हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकची लिव्हर दाबायची नाही. दोन्ही पॅड एकमेकांना चिकटतात, आणि मग चाक परत आत जाता जात नाही. शेजारी बसून मदत म्हणून हँडल धरणाऱ्याच्या हातून हे हमखास होतं.

ही थैली पुढच्याकडे नको, मागच्याकडे हवी. ज्याचं काही बिघडतं तो मागेच राहिलेला असतो. गटात जाणती माणसं किमान दोन, एक सर्वांत पुढे आणि एक सर्वांत मागे. मागच्याने कधीही कोणाच्या पुढे जायचं नाही, कितीही मोह झाला तरी. वाट फुटेल तिथे प्रत्येकाने थांबायचं आणि मागचा दिसल्याशिवाय हलायचं नाही. सहा ते आठ नवख्यांपेक्षा जास्त माणसं दोघांच्या आवाक्याबाहेर जातात.

आणि थांबे. प्रत्येक गटात हे घडतं: पुढचे टेकाडावर पोचतात, पाणी पितात, फोटो काढतात, गप्पा मारतात. दहा मिनिटांनी शेवटची बाई धापा टाकत वर येते. ती आली की सगळे उठतात, ‘चला, आले सगळे!’ म्हणत निघतात. ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना दहा मिनिटं मिळाली, जिला होती तिला एकही नाही. पुढच्या टेकाडावर ती पंधरा मिनिटांनी येते. तिसऱ्या टेकाडावर तिला वाटू लागतं की आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतोय, आणि मग ती जिथे सायकलीवरून उतरायला हवं तिथे उतरत नाही. पडते ती तिथेच. यावर उपाय एकच: थांब्याचं घड्याळ शेवटचा पोचल्यावर सुरू करायचं. पुढचे कंटाळले तर त्यांना पुन्हा खाली जाऊन तोच चढ चढायला सांगावं. बहुतेक कोणी जात नाही.

पुढे चालणाऱ्याने आणखी एक गोष्ट मुद्दाम करावी. पहिल्या अवघड जागी, आपल्याला सहज चालवत जाता येत असलं तरी, सायकलीवरून उतरावं आणि ती ढकलत न्यावी. तोंडाने ‘उतरलात तरी चालेल’ असं कितीही सांगितलं तरी कोणी उतरत नाही. पुढचा उतरलेला दिसला की मागचे चौघे उतरतात.

कोणी पडलंच तर ताबडतोब हात देऊन उभं करू नये. आधी वाटेवर वरच्या बाजूला कोणीतरी उभं राहून मागून येणाऱ्यांना थांबवावं, मग पडलेल्याला स्वतःहून उठू द्यावं. हेल्मेट आपटलं असेल तर तो ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी त्याची त्या दिवसाची सायकल संपली. त्याच्यासोबत जवळच्या रस्त्यापर्यंत चालत जायचं. सुरुवातीला हेरून ठेवलेल्या त्या एक-दोन जागा अशा वेळी उपयोगी पडतात.

खाली पोचल्यावर सगळे एकदम बोलायला लागतात. सायकली भिंतीला टेकतात, हात थरथरताहेत ते एकमेकांना दाखवलं जातं, पुढच्या वेळी कुठे जायचं याची चर्चा सुरू होते. पुढे चालणाऱ्याला मात्र एक काम उरलेलं असतं. उतारासाठी खाली केलेल्या सीटा तशाच असतात, आणि घरापर्यंतचा सपाट रस्ता कोणीतरी गुडघे छातीला लावत, सर्कशीतल्या अस्वलासारखं कापायला निघालेलं असतं. त्याला हाक मारून थांबवायचं, एलन की पुन्हा बाहेर काढायची आणि टाच पॅडलवर ठेवायला सांगायचं.