पाणी आत, पाणी बाहेर : आमची वाटचाल

बाबांचं दुकान ट्रकच्या रेडिएटरचं. रत्नागिरीत रस्त्याकडेला पत्र्याची शेड, बाहेर पाण्याची सिमेंटची टाकी. गळका रेडिएटर टाकीत बुडवायचा, हवा भरायची, बुडबुडे दिसतील तिथे खडूची खूण करून कथलाचा डाग द्यायचा. मी आयटीआय करून आलो तोवर धंदा एवढाच होता.

एकदा मिरकरवाडा बंदरातले एक नाखवा, म्हणजे बोटीचे मालक, बोटीच्या इंजिनचा कूलर घेऊन आले. बाबांनी नेहमीसारखा डाग दिला. तीन महिन्यांत कूलर परत. पुन्हा डाग, पुन्हा परत. तिसऱ्या खेपेला नाखव्यांनी तो बाकड्यावर आपटला नि म्हणाले, "मिस्त्री, हा काय ट्रक नाय. हा मिठात उभा असतो." बाबांनी तो उचलून माझ्याकडे सरकवला. आमचा बोटीचा धंदा तिथून सुरू झाला.

ट्रकच्या इंजिनला वारा थंड करतो, बोटीच्या इंजिनाला समुद्र. डिझेल जळून होणाऱ्या उष्णतेचा साधारण पाव हिस्सा इंजिनातल्या पाण्यातून बाहेर काढावा लागतो. खारं पाणी थेट इंजिनात फिरवता येतं, पण साठ अंशांच्या आसपास गेलं की त्यातले क्षार आतल्या भिंतींना धरू लागतात आणि वाटा बुजतात. म्हणून इंजिनात गोडं पाणी आणि कूलंट, आणि ते थंड करायला शेजारी हीट एक्स्चेंजर. त्याच्या नळ्यांतून समुद्राचं पाणी जातं. बोटीच्या तळाला भोक, त्यावर सीकॉक (पाणी बंद करायचा कॉक), मग जाळी, पंप, एक्स्चेंजर आणि पुन्हा समुद्र. ऐकायला सोपं आहे. गेली सोळा वर्षं आम्ही ह्या एवढ्याच वाटेवर पोट भरतोय.

पहिल्या स्वतंत्र कामात मी पैसे वाचवले. एक्स्चेंजर चांगला घेतला, नव्वद टक्के तांबं आणि दहा टक्के निकेलच्या नळ्यांचा. जोडणीचे निपल (आट्यांच्या आखूड नळ्या) मात्र बाजारात मिळतात ते साध्या पितळेचे. वर्षभराने, मासेमारीबंदीत बोट किनाऱ्यावर घेतली तेव्हा, मी एक निपल पान्याने सोडवायला गेलो. पाना नीट लागलाही नव्हता, तोवर निपल हातात आला. तुटलेली कड गुलाबी, भुसभुशीत, नखाने खरवडली तर पूड पडत होती. पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून गेलं होतं आणि तांब्याचं पोकळ जाळं तेवढं उरलं होतं. हा निपल पाणरेषेच्या खाली होता. समुद्रात तुटला असता तर इंजिनरूम भरायला किती वेळ लागला असता, याचा हिशोब मी त्या रात्री केला आणि सकाळी नाखव्यांकडे जाऊन स्वतःहून सांगितलं. सगळे निपल आमच्या खर्चाने गनमेटलचे, म्हणजे तांबं-कथलाच्या मिश्रधातूचे केले. त्या वर्षी कमाई काहीच झाली नाही. तेव्हापासून पाणरेषेखाली पितळ नाही, आणि प्रत्येक नळीवर एका टोकाला दोन क्लिपा. "दोन कशाला?" असं गिऱ्हाईक विचारतं तेव्हा मी वाद घालत नाही, बिलात एकीचेच पैसे लावतो.

मग बर्फाचं काम आलं. मोठ्या बोटींवर बर्फाचा खर्च डिझेलच्या खालोखाल डोळ्यांत येतो, म्हणून एका नाखव्यांनी मासळीच्या खणात गारवा धरणारं पाच टनाचं रेफ्रिजरेशन युनिट बसवायचं ठरवलं. बर्फ न्यायचाच, फक्त कमी. कंडेन्सर, म्हणजे मशीनची उष्णता बाहेर टाकणारा भाग, समुद्राच्या पाण्यावर चालणार. आमचं आकडेमोडीचं पहिलं मोठं काम. पाच टन (हे वजन नव्हे, गारव्याची ताकद) म्हणजे साडेसतरा किलोवॅट, त्यात कॉम्प्रेसरची उष्णता धरून बावीसच्या आसपास. पाणी पाच अंशांनी तापू द्यायचं तर मिनिटाला साधारण पासष्ट लिटर हवं. मे महिन्यात इथलं पाणीच एकोणतीस-तीस अंशांवर असतं, त्यामुळे हात राखून चालत नाही. पंप घेतला, बसवला, बंदरात चाचणी झाली, मशीन दिवसभर गुणगुणत राहिलं. पेढे वाटले.

तिसऱ्या फेरीला तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाचा फोन. मशीन सारखं प्रेशर वाढून आपोआप बंद पडतंय. बंदरात आल्यावर पाहिलं तर सगळं ठीक. पुढच्या फेरीला पुन्हा तेच. जाळी साफ, नळ्या साफ, गॅस बरोबर. शेवटी मी स्वतः बोटीवर चढलो. दोन दिवस ओकारीत गेले, ते सोडून द्या. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. चाचणीच्या वेळी बोटीत बर्फ, डिझेल, गोडं पाणी भरलेलं होतं आणि पंप पाणरेषेच्या जेमतेम खाली होता. समुद्रात डिझेल संपत गेलं, बर्फ वितळला, आणि त्या फेऱ्यांना मासळी लागली नव्हती. बोट हलकी होऊन वर आली, पंप पाणरेषेच्या वर गेला, जरा डोललं की हवा ओढायची आणि सेंट्रिफ्युगल पंपाची पकड सुटायची. बंदरात पुन्हा भरलं की सगळं ठीक. म्हणजे मासळी नसली की मशीन बंद! नाखवा म्हणाले, "दर्याने दिलं नाय, त्यात तुझा पंपपण हवा खातो." पंप तळाशी नेला, वाट सगळीकडे चढती ठेवली, मध्ये हवा साचेल असा एकही कुबड ठेवला नाही. आता कुठल्याही बोटीवर रिकामी असतानाची पाणरेषा आम्ही खडूने आखून घेतो. बाबा रेडिएटरवर ओढायचे तोच खडू.

आमचा खरा हंगाम मासेमारीबंदीचा, १ जून ते ३१ जुलै. तळाला भोक पाडायचं ते बोट पाण्याबाहेर असतानाच. एकसष्ट दिवसांत रात्रंदिवस काम, बाहेर पाऊस, ताडपत्रीखाली आम्ही तिघं. त्या दिवसांत एक जुनी तक्रार मात्र दरवर्षी वर येते. नळ्यांत खारं पाणी तसंच दोन महिने ठेवून बोट शाकारायची, आणि ऑगस्टमध्ये नळीला पिनाएवढी भोकं दिसली की मिस्त्रीला धरायचं. थांबलेलं पाणी, त्यात मेलेल्या शिंपल्यांचा कुजका वास, तेच धातू खातं. मेअखेरीस गोड्या पाण्याने धुऊन पाणी काढून टाकायला एक दुपार पुरते. दुसरी गंमत रंगाची. तळ रंगवणारी पोरं झिंकच्या प्लेटवरही मस्तपैकी ब्रश मारतात. झिंक स्वतः झिजून तांब्याला वाचवतं. त्याच्यावर रंग बसला की ते नुसतं शोभेचं राहतं. ते खरवडण्याचे पैसे मी मागतो आणि भांडूनही घेतो.

उधारीबद्दल लिहीत बसलो तर दुसरं पान लागेल. नारळी पौर्णिमेला देतो म्हणणारे दिवाळीला देतात, आणि देतात, एवढं सांगतो. २०१९ च्या क्यार वादळात ऐन हंगामात बोटी बंदरांत अडकल्या, पुढच्या वर्षी लॉकडाऊन. तेव्हा बर्फाच्या कारखान्यांतले कंडेन्सर साफ करून आम्ही तगलो.

आता जयगडपासून नाटे बंदरापर्यंतची कामं येतात, त्यातली अर्धी फोनवर मिटतात. परवा रात्री दीडला एक ड्रायव्हर बोलला, इंजिन तापतंय. मी विचारलं, बाहेर पडणाऱ्या पाण्याखाली हात धर, कसंय? म्हणाला, बारीक धार, चटका बसतो. म्हणजे पाणी आत येत नाहीये. धार मोठी आणि गार असती तर दोष गोड्या पाण्याच्या बाजूला शोधावा लागला असता. इंजिन बंद करून सीकॉक बंद करायला लावला, जाळी उघडायला लावली. आत प्लास्टिकची पिशवी. पिशवी काढली तरी धार बारीकच. मग पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक, बघायला सांगितला. कोरडा फिरल्याने दोन पाती तुटली होती. सुटा इम्पेलर बोटीवर ठेवायला आम्हीच लावतो, तो त्याने टॉर्चच्या उजेडात बसवला.

तुटलेली पाती मोजून दोन्ही काढ, एकही एक्स्चेंजरच्या तोंडाशी राहू देऊ नकोस, असं मी सांगत होतो तोवर रेंज गेली. सकाळी साडेसहाला त्याचा मेसेज आला. फोटोत तळहातावर काळ्या रबराचे दोन तुकडे.