तुम्ही विचारलेत म्हणून: सव्वा सेकंदाचे गाणे

घरी येणारे पाहुणे माझ्या रेकॉर्डी चाळता चाळता ‘नेपाम डेथ’ या इंग्लिश बँडपाशी थांबतात आणि त्यांच्या ‘यू सफर’ या गाण्याविषयी कळले की हमखास विचारतात, ‘सव्वा सेकंदाच्या ओरडण्याला तुम्ही गाणे कसे म्हणता?’ प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या मेरिडन या खेड्यात 1981 साली निक बुलेन आणि माइल्स रॅट्लेज या शाळकरी वयाच्या मुलांनी हा बँड सुरू केला. अण्वस्त्रांची भीती आणि वाढती बेकारी यांच्या छायेत वाढलेल्या या मुलांनी क्रास, डिस्चार्ज अशा पंक (खडबडीत, बंडखोर रॉक) बँडांकडून संताप आणि राजकारण घेतले, आणि पुढे बर्मिंगहॅमच्या स्पार्कहिल भागातल्या ‘मर्मेड’ पबमध्ये वाजवता वाजवता त्यात हेवी मेटल या कर्कश रॉकचा जडपणा मिसळत गेला. मिक हॅरिस ड्रमवर आल्यानंतर वेग इतका वाढला की एकेक ठोका सुटा ऐकू येईनासा झाला. स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम), बेस ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि झांजा मिळून सलग घरघर उठते, आणि या वाजवण्यालाच ‘ब्लास्ट बीट’ म्हणतात.

त्यांची पहिली तबकडी ‘स्कम’ 1987 मध्ये इअरेक कंपनीने काढली. तिच्यात सुमारे 33 मिनिटांत 28 गाणी आहेत. पहिली बाजू ऑगस्ट 1986 मध्ये ध्वनिमुद्रित झाली, दुसरी मे 1987 मध्ये, आणि मधल्या नऊ महिन्यांत हॅरिस वगळता सगळा बँड बदलला होता. पहिल्या बाजूला बुलेनचा आवाज आणि जस्टिन ब्रॉडरिकची गिटार आहे, तर तबकडी उलटली की ली डोरियन गातो आणि बिल स्टिअर गिटार वाजवतो. पुढे ब्रॉडरिकने गॉडफ्लेश, डोरियनने कथीड्रल असे आपापले बँड उभे केले. नेपाम डेथमध्ये मात्र बास गिटार वाजवणारा शेन एम्बरी 1987 पासून आणि गायक बार्नी ग्रीनवे 1989 पासून टिकून आहेत. संस्थापकांपैकी कोणीही उरलेले नसताना बँडचा संताप मात्र तोच राहिला, याचे मला मनापासून कौतुक वाटते. 2013 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने, हादऱ्यांनी इमारतीला इजा होईल या भीतीने, त्यांचा ठरलेला कार्यक्रम रद्द केला. तो नंतर बेक्सहिलला झाला.

आता त्या गाण्याविषयी. ते 1.316 सेकंदांचे आहे आणि सर्वांत छोटे गाणे म्हणून गिनेसमध्ये त्याची नोंद झाली आहे. चार शब्दांत ते एवढेच विचारते, की माणूस जे सोसतो ते कशासाठी. त्याला शब्द आहेत, चाल आहे, सुरुवात आहे, म्हणून मी त्याला गाणे म्हणतो. ते पहिल्या बाजूच्या अगदी शेवटी येते. प्रश्न कानावर आदळतो आणि त्यानंतर सुई रिकाम्या खाचेत नुसती फिरत राहते. तबकडी उलटायला मी तेव्हा लगेच उठत नाही.