मावशीच्या लग्नाच्या कॅसेटी, नोंद ४: ते दहा पिक्सेल सापडले

मावशीच्या लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी मी संगणकावर उतरवतोय. मागच्या वेळी छाती फुगवून लिहिलं होतं की तीन कॅसेटी संपल्या, आता फक्त टायटलं चढवायची. शब्द गिळतो. तिन्ही पुन्हा करायच्या आहेत.

ग्रेडिंगच्या (रंग सुधारायच्या) सॉफ्टवेअरमधून परत आणलेली क्लिप रंग न बदलता मूळ डीव्हीवर (कॅसेटवरून उतरवलेल्या डिजिटल फाइलवर) ठेवली आणि सहज डिफरन्स मोड (दोन चित्रांतला फक्त फरक दाखवणारा) लावून पाहिला. मधोमध उभे नवरा-नवरी काळेकुट्ट, म्हणजे तंतोतंत जुळलेले. पण जसजसं कडेला जावं तसतशी वऱ्हाडींना भुतासारखी दुहेरी कड, आणि दोन्ही टोकांना दहा-दहा पिक्सेलची फट.

दोन संध्याकाळी स्केलिंगची सेटिंग्ज उलटसुलट करण्यात गेल्या. मग कॅमेरा संगणकाला जोडणाऱ्या फायरवायर कार्डावर संशय घेतला. फायरवायरवरून डीव्हीचा डेटा नुसता कॉपी होतो, कार्ड चित्र ताणू शकतच नाही, हे माहीत असूनही! (कार्ड टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचं आहे. जुनं मिळालं तरी तेच घ्या.)

शेवटी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात काम नेणारी एक्सएमएल फाइल नोटपॅडमध्ये उघडली आणि डोक्यात प्रकाश पडला. तिच्यात पिक्सेल अस्पेक्टचा (एका पिक्सेलची रुंदी भागिले उंची) आकडा नाहीच, नुसतं नाव आहे: ‘पाल-६०१’. त्या नावाचा आकडा ज्याचा त्याने लावायचा. माझ्या एका सॉफ्टवेअरने १.०९४ लावला, दुसऱ्याने १.०६७. (नावं घेत नाही, इथे लगेच भांडणं होतात.) ७२० रुंदीची फ्रेम एकाकडे ७८८ होते, दुसऱ्याकडे ७६८. फरक वीस, म्हणजे दर बाजूला दहा.

चूक तशी कुणाचीच नाही. पालच्या (आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या) एका ओळीत चित्राचा भाग ५२ मायक्रोसेकंदांचा, सॅम्पलिंग १३.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे ७०२ सॅम्पल, म्हणजेच पिक्सेल. ४:३ चित्र त्या ७०२ मध्येच बसतं, उरलेले १८ समासाचे. ५७६ ओळींच्या ४:३ चित्राची रुंदी ७६८; ७६८ भागिले ७०२ बरोबर १.०९४. सगळ्या ७२० ला ४:३ मानलं की १.०६७. अडोबीसुद्धा आपल्या सॉफ्टवेअरच्या सीएस३ आवृत्तीपर्यंत १.०६७ धरत होती, सीएस४ पासून १.०९४. एफएफएमपेग (व्हिडिओ बदलायचं मोफत साधन) डीव्हीला अजून १६:१५, म्हणजे १.०६७, लिहितं.

पण आपला कॅमेरा कोणत्या पंथाचा? मामाचा हँडीकॅम अजून चालतो. ए-थ्री कागदावर कंपासने वर्तुळ काढून भिंतीला चिकटवलं, ट्रायपॉड लावून समोरून शूट केलं आणि कच्च्या फ्रेममध्ये मोजलं: उंची ४३२, रुंदी ३९५. भागाकार १.०९४! रात्री साडेअकराला एकटाच टाळी वाजवली.

म्हणजे १.०६७ ने बनलेल्या माझ्या तिन्ही फाइलींत सगळं वऱ्हाड अडीच टक्के बारीक झालंय. मावशीला दोन्ही फ्रेम शेजारी ठेवून दाखवल्या. “चुकलेलीच ठेव,” म्हणाली.

नाही ठेवणार. ठरवलं होतं की शेवटपर्यंत ७२० बाय ५७६ कुणालाही स्केल करू द्यायचं नाही आणि अखेरीस एफएफएमपेगमध्ये एकदाच ७०२ क्रॉप करून ७६८ करायचं. पण डावीकडून नऊ पिक्सेल कापायला सांगितले की ते गुपचूप आठच कापतं, कारण ४:२:० मध्ये (पाल डीव्हीची रंग साठवायची पद्धत) रंगाचा एक नमुना आडव्या दिशेने दोन पिक्सेलांना मिळून असतो. मग ७०४ च ठेवू. ७०४ गुणिले १२/११ नेमके ७६८, आणि १.०९४ शी फरक पाव टक्क्याच्या आसपास.

लिहितालिहिता वाटतंय, ७६८ वर थांबायचं कशाला? आधी एफएफएमपेगच्या बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टरने एकाआड एक ओळींच्या फील्डांतून ५०पी, म्हणजे सेकंदाला ५० पूर्ण फ्रेम (डीव्ही बॉटम फील्ड फर्स्ट, म्हणजे खालच्या ओळींचं फील्ड आधी, विसरू नका), मग ७०४ क्रॉप, मग थेट १४४० बाय १०८०. टीव्हीवर कसं दिसतं ते आज पहिल्या कॅसेटच्या मंगलाष्टकांवर करून बघतो. टायटलं त्यानंतरच.