छोटा हत्ती, गारा आणि चाळीस मग

नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांत, नागपूरच्या बाहेर पडू नये असं आमच्याकडे सगळेच सांगतात आणि सगळेच पडतात, कारण लग्नं तेव्हाच, भाच्यांच्या सुट्ट्या तेव्हाच. मी पडलो कारण माझ्या भट्टीची कॉइल जळली.

आमचा घरचा धंदा माठ-रांजणांचा. आई अजूनही अक्षय्य तृतीयेच्या आधी महिनाभर रात्री बारापर्यंत थापी घेऊन बसते, कारण त्या दिवशी पितरांच्या नावानं पाण्याचं मडकं लागतंच, घरात फ्रिज कितीही मोठा असो. मी मात्र ग्लेझच्या, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या चकचकीत थराच्या नादी लागलो, कॉफीचे मग, बाऊल, बरण्या, प्लांटर असं स्टोनवेअर, म्हणजे जास्त आचेवर दगडासारखी कडक भाजलेली भांडी करतो. बिस्किट म्हणजे पहिली भाजणी माझ्या छोट्या इलेक्ट्रिक भट्टीत होते, हजार डिग्रीच्या आतबाहेर, पण ग्लेझला बाराशेच्या वर जावं लागतं आणि त्यासाठी मी भद्रावतीला एका मित्राच्या गॅस भट्टीवर जातो. भद्रावतीच काऊन, तर कृष्णमूर्ती मिरमिरांनी उभा केलेला ग्रामोदय संघ तिथला, त्यामुळे त्या गावात माती, ग्लेझ, भट्टी हे शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येतात, आणि आमच्यासारख्यांची ओळखपाळख तिथूनच झालेली.

तर दरवेळी मी भाजलेला माल नेतो. भाजलेल्या मालाला पावसाचं भय नाही. त्या वर्षी कॉइल जळली, नवीन यायला आठ दिवस म्हणाले, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भोपाळच्या एका मेळ्यात स्टॉलचे पैसे भरून बसलेलो. म्हणून ठरवलं की कच्चाच माल घेऊन जायचा, तिथंच बिस्किट, तिथंच ग्लेझ, येताना डायरेक्ट पॅकिंग करूनच आणायचं.

एकूण चौसष्ट नग होते. चाळीस मग आणि चौदा बाऊल पूर्ण वाळलेले, आणि दहा मोठ्या बरण्या अजून ओलसर, ज्याला आम्ही लेदर हार्ड म्हणतो, म्हणजे नखानं ओरखडा पडतो पण हातानं वाकत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात मोठं भांडं सुकवणं हे बनवण्यापेक्षा अवघड काम आहे, बाहेर ठेवलं तर दोन तासात काठ वाळतो आणि बूड ओलं राहतं, मग तडा गेलाच समजा. म्हणून मी बरण्या कूलरच्या खोलीत ठेवतो, वर प्लास्टिक, वाळ्याच्या ताट्यांमधून येणारी ओली हवा. घरच्यांना कूलर पाहिजे असतो झोपायला आणि मी तिथं बरण्या झोपवलेल्या असतात, यावरून आमच्याकडे दरवर्षी भांडण होते.

आई म्हणाली, "ओलं नेऊ नको, रस्त्यात वाकतील. वाळलेलं ने, ते मजबूत असते." मलाही तसंच वाटलं. पण जागा होती, भाडं तेवढंच लागणार होतं, म्हणून बरण्याही टाकल्या.

गाडी छोटा हत्ती. ड्रायव्हर भाऊ मोहल्ल्यातलाच, लग्नाचं डेकोरेशन ते सिमेंट सगळं वाहतो. मग आणि बाऊल संत्र्याच्या क्रेटमध्ये तणस घालून भरले, आमच्याकडे बबल रॅपपेक्षा तणसच बरी, फुकट मिळते आणि भांड्याला धरून बसते. हे वाळलेले क्रेट मी केबिनच्या बाजूला लावले, सगळ्यात सेफ जागा म्हणून, आणि बरण्या मागच्या फाळक्याकडे, गोणपाट गुंडाळून. वरून ताडपत्री. भाऊ दोर आवळायला लागला तर मीच म्हटलं, जरा ढिली ठेव, बरण्यांना हवा पाहिजे, घाम सुटंल आत. हे वाक्य मला नंतर लय वेळा आठवलं.

पहाटे निघायचं ठरलं होतं, निघालो अकराला. बुटीबोरीपर्यंत इतकं ऊन की हॅंडलला हात लागत नव्हता. त्या आठवड्यात पारा 45 च्या खाली उतरला नव्हता. (लोक 56 म्हणतात ते वेगळं, ते 2024 च्या मे मधलं, बातमी देशभर फिरली आणि मग ते यंत्रच बिघडलेलं निघालं. पण आमचे शेजारी अजूनही पाहुण्यांना 56 च सांगतात.) जामच्या चौकात रसवंतीवर थांबलो, उसाचा रस घेतला, आणि तिथं भाऊनं पश्चिमेकडं पाहिलं.

"दादा, आभाळ पाहून घ्या."

खाली पिवळं आणि वर काळं. वारा एकदम बंद, पानही हलत नव्हतं. रसवाला गल्ला आवरून राहिला होता, त्यावरूनच समजायला पाहिजे होतं. पण मी म्हटलं, अजून तास-दीड तासाचा रस्ता आहे, निघून जाऊ. हैदराबादचा मोठा रस्ता सोडून वरोऱ्याकडे वळलो आणि दहा मिनिटांत वावधन सुटलं. आधी नुसती धूळ, समोरचा ट्रक दिसेना, मग पळसाची पानं, पन्नी, कोणाच्या तरी मांडवाची झालर काचेवर येऊन चिकटली, आणि मग थेंब, एकेक थेंब रुपयाएवढा. भाऊ एका मोठ्या कडुलिंबाखाली गाडी घ्यायला लागला तर मी ओरडलो, झाडाखाली नको, वीज पडते. त्यानं तशीच पुढं काढली आणि एका बंद ढाब्याच्या उतारावर, टिनाच्या शेडला लागून उभी केली. तोंड उताराकडे, म्हणजे केबिन खाली आणि फाळका वर. हे तेव्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मग गारा. टिनावर गारा पडताना बाजूचा माणूस काय बोलतो ते ऐकू येत नाही, भाऊ माझ्याकडं बघून तोंड हलवत होता आणि मी हो हो करत होतो. बोराएवढ्या, काही आवळ्याएवढ्या. पंचवीसेक मिनिटं. मागं ताडपत्री फडफडत होती तो आवाज येत होता आणि मग तो यायचा बंद झाला, मला वाटलं वारा पडला. वारा पडला नव्हता, ताडपत्रीच एका बाजूनं निघून लोंबत होती.

उतरलो तर अंगात अक्षरशः थंडी वाजली, मे महिन्यात. भाऊनं फाळका पाडला. बरण्या दिसल्या, गोणपाट भिजून चिंब, एक आडवी झालेली, बाकी उभ्या. वरच्या भागावर सगळीकडे खड्डे, थेंबांचे आणि गारांचे, देवीचे व्रण असतात तसे. पण बरण्या बरण्याच होत्या. मला वाटलं चला, उघड्यावर होत्या त्या एवढ्या चांगल्या राहिल्या तर आतले मग एकदम ओके असतील.

पहिला क्रेट ओढला तर तो हलेना. खालून चिखलात रुतलेला. उतारामुळे हौद्यातलं सगळं पाणी पुढं केबिनकडं येऊन साचलं होतं, चार बोटं. क्रेटमध्ये तणस होती आणि तणसीत गाळ. कुठं कुठं मगाचा कान तरंगल्यासारखा वर आलेला. एक मग मात्र पूर्ण दिसत होता, काठ, कान, बुडाशी माझी सही. मी म्हटलं हा वाचला. दोन बोटांनी काठाला धरला आणि तो खाली बसला. फुटला नाही, आवाजसुद्धा नाही, म्हातारं माणूस खाटेवर बसते तसा हळूच बसला आणि त्याचा गारा झाला, नुसता चिखल. बाजूनं बारीक बारीक बुडबुडे येत राहिले.

खरं म्हणजे हे मला माहीत होतं. रोज करतो मी हे. तुटलेला, बिघडलेला कच्चा माल परत मळायचा असला की आधी तो कडकडीत वाळवायचा आणि मगच बादलीत टाकायचा, कारण वाळलेल्या मातीत बारीक छिद्रांत हवा असते, पाणी सपकन आत ओढलं जाते, हवेला बाहेर ढकलते आणि सगळं भांडं आतूनच सुटून येते. ओलसर माती टाकली तर तिच्या छिद्रांत आधीच पाणी, ती तशीच गोळा बनून बसून राहते दोन-दोन दिवस. कोणत्याही कुंभाराच्या पोराला हे विचारा, सांगेल. पण गाडी भरताना माझ्या डोक्यात वाळलेलं म्हणजे मजबूत एवढंच होतं. धक्क्याला मजबूत असेल, पाण्याला नाही.

वाचलेलं मोजलं. चाळीसपैकी तीन मग, चौदापैकी दोन बाऊल, ते सगळ्यात वरच्या क्रेटमधले म्हणून. बरण्या दहाच्या दहा.

आईला फोन लावला. मला वाटलं ती म्हणंल सांगितलं होतं, पण सांगितलं तर तिनं उलटं होतं, त्यामुळे तीही गप्प. मग म्हणाली, "ते तिथं फेकून नको येऊ. खताच्या पोत्यात भर. विकतची माती आहे नं ती." भाऊ आणि मी मग शेडमध्ये बसून फुलपात्रानं अन् हातानं तो गारा युरियाच्या पोत्यांत भरला, तणसीसकट. ढाब्याचा मालक आला, त्याला वाटलं आम्ही शेण चोरून राहिलो. त्याचेही दोन टिन उडाले होते, रस्त्यापलीकडं बाभूळ आडवी पडलेली, कोणाचं कोणाला सांगणार. चहा त्यानं पाजला, पैसे घेतले नाही.

भाऊची चुन्याची डबी त्याच गोंधळात हरवली. भद्रावतीपर्यंत तो खिसे चाचपत होता आणि खर्रा मिळंल का म्हणून प्रत्येक टपरीवर गाडी स्लो करत होता.

पुढचं पटकन सांगतो. मित्राकडे चार दिवस मुक्काम ठोकला, बरण्या पूर्ण वाळेपर्यंत भट्टीत घालताच येत नाही, आत पाणी राहिलं तर शंभराच्या पुढं वाफ होऊन फुटतात आणि बाजूच्यालाही घेऊन जातात. त्याच्याच मातीचे अठरा-वीस बाऊल चाकावर काढले. मगाला हात लावला नाही, कान चिकटवायची हिंमतच उरली नव्हती. बरण्यांवरचे खड्डे घासून काढावे का यावर रात्री वाद, मित्र म्हणे ठेव, हेच आर्ट आहे, मी म्हटलं आर्ट वगैरे काही नाही, घासायला गेलो तर भिंत पातळ होईल म्हणून ठेवतो. वरून निळसर ग्लेझ मारलं, खड्ड्यांत ते साचून गडद झालं. दिसायला बरं दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

भोपाळला त्याच हत्तीतून गेलो, पांढुर्णा, मुलताई, बैतूल करत. नवी ताडपत्री, दोर माझ्या हातानं आवळलेला. मुलताईला तापीच्या उगमाच्या तळ्यावर भाऊनं हात जोडले, मी आकाश पाहत होतो. मेळा हॉलमध्ये होता, वर पक्कं छत, ते पाहून जे समाधान झालं ते विक्रीनं नंतर झालं नाही. बरण्यांपाशी लोक थांबायचे, बोट फिरवायचे. मी मनात डायलॉग तयार ठेवला होता गारांचा. पहिल्याच बाई म्हणाल्या, "भैया, इसमें तो दाने दाने हैं. डिफेक्ट पीस है ना, कम लगाओ." मी गोष्ट सांगितली, पूर्ण, जामपासून. त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, "तो फिर सौ रुपये कम करो." केले. दहापैकी सहा अशाच कमी करून गेल्या. सगळ्यात जास्त काय खपलं असेल तर आईनं सोबत दिलेले बारा साधे माठ, पहिल्याच दिवशी. एकेक बाई बोटाच्या पेरानं टणटण वाजवून घेऊन गेली, कोणी भाव पाडला नाही.

मधल्या एका दिवशी स्टॉल भाऊच्या भरोशावर टाकून भारत भवनला जाऊन आलो. 1982 चं ते, चार्ल्स कोरिया यांनी बांधलेलं, पायऱ्या पायऱ्यांनी तलावाकडं उतरत जाते. तिथं सिरॅमिकचं वर्कशॉप आहे. बाकी लोक कलाकृती पाहत होते आणि मी पाहत होतो की एवढ्या उताराच्या बिल्डिंगमध्ये पावसाचं पाणी कुठं जात असेल. परत आलो तर भाऊनं दोन बाऊल मी सांगितलेल्या भावापेक्षा वीस रुपये जास्तीनं विकले होते.

पोती घरी अंगणात पडून होती. जुलैत पाऊस लागल्यावर आई अन् मी तो गारा पातळ करून चाळायला घेतला, कारण ढाब्याच्या अंगणातली गिट्टी आत गेलीच असणार आणि चुनखडीचा एक खडा जरी राहिला तरी भाजल्यावर तो हवेतलं पाणी पिऊन फुगतो आणि भांड्याचा टवका उडवतो. आईचं सगळं लक्ष त्या खड्यांकडे. तिसऱ्या पोत्यात तिच्या हाताला काहीतरी टणक लागलं. तिनं चाळणीवर घेतलं, पाणी ओतलं.

भाऊची चुन्याची डबी. झाकण पक्कं लागलेलं.

"हे पाहा," आई म्हणाली, "मातीत चुना."

भाऊला फोन केला तर तो तेव्हा उमरेडला सिमेंट घेऊन चालला होता. म्हणाला, "दादा, उघडून पाहा नं, सुकला तर नाही?"