जेस्टोर शोध-नोंद : जुन्नर झालं, कार्ले चालू, वसई अडलेली

जेस्टोर या अभ्यासलेखांच्या ऑनलाइन संग्रहात जुन्नर आणि कार्ल्याच्या लेण्यांवरचे, तसंच वसईवरचे लेख शोधतानाची ही नोंद. जुन्नर सरळ निघालं. या नावाचं दुसरं काही नाही आणि इंग्रजी स्पेलिंगही बहुतेक ठिकाणी एकच. 'अ‍ॅडव्हान्स्ड सर्च'च्या पहिल्या चौकटीत जुन्नर टाकून शेजारी 'आयटम टायटल' निवडलं की विद्या देहेजियांचा 'आर्टिबस एशिए' या नियतकालिकातला १९६९चा लेख समोर येतो. ज्यांच्या शीर्षकात नाव नाही अशा लेखांसाठी 'ऑल फील्ड्स' आणि जोडीला चैत्य किंवा विहार. 'अ‍ॅबस्ट्रॅक्ट'च्या वाटेला जाऊ नये. जुन्या लेखांना सारांशच नसतो, त्यामुळे ते सगळे परस्पर गळतात.

सुरुवातीलाच एक बघून घ्यावं: 'अ‍ॅक्सेस टाइप'मध्ये सगळा मजकूर निवडलेला हवा. फक्त आपल्याला उघडता येणारा मजकूर निवडलेला राहिला, तर लेख अस्तित्वातच नाही असं वाटतं. आधी लेख आहे हे कळू द्या, मिळवायचा कसा ते नंतर.

कार्ल्याने मात्र घाम काढला. इंग्रजीत के-ए-आर-एल एवढं कायम, पुढे कुणी ई लावतो, कुणी आय, कुणी ए. शेवटी तारा (*) लावला तर त्यात कार्ल मार्क्ससुद्धा येतो आणि त्याच्यामागून सगळी जर्मनी. त्याऐवजी प्रश्नचिन्ह (?) लावावं. ते एकाच अक्षराची जागा घेतं, त्यामुळे तिन्ही रूपं सापडतात आणि नुसता कार्ल बाहेर राहतो. तरी कार्ला नावाच्या बायका आणि कार्ले आडनावाचे रसायनशास्त्रज्ञ उरतातच. त्यांच्यासाठी दुसऱ्या ओळीत कंसात भाजे ऑर बेडसे (ही कार्ल्याजवळची लेणी) ऑर चैत्य, आणि दोन ओळींमध्ये अँड. अँड (दोन्ही हवेत), ऑर (कुठलाही चालेल), नॉट (हा नको) हे शब्द रोमनमध्ये मोठ्या अक्षरांत लिहायचे. कंस विसरलात तर ऑर कुठल्या शब्दाला लागला याचा पत्ता राहत नाही.

अँड अख्खा लेख तपासतो. तिसऱ्या पानावर लेखिका कार्ला आणि चाळिसाव्या पानावर चैत्य, एवढं त्याला पुरतं. म्हणून जवळिकीचा शोध: दोन शब्द एकाच अवतरणात, अवतरण बंद केल्यावर लगेच लाटचिन्ह (~) आणि आकडा. २५ दिला तर दोन शब्दांत फार तर तेवढं अंतर चालतं. ५ ठेवला तर कामाचे लेखही सुटतात. १० ते २५ बरं पडतं. अडचण अशी की अवतरणाच्या आत प्रश्नचिन्ह किंवा तारा चालत नाही. मग तिन्ही स्पेलिंगं वेगवेगळी चालवावी लागतात. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय नाही.

स्कॅनच्या चुका वेगळ्याच. डोक्यावर आडवी रेघ असलेले रोमन स्वर (ā, ī) ज्यांत आहेत ती नावं यंत्र भलतीच वाचतं, आणि ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द दोन तुकडे म्हणून नोंदला जातो. अवतरणाशिवाय एकट्या शब्दाला लाटचिन्ह लावलं की जवळपासची स्पेलिंगं मिळतात. लांब नावांना हे छान चालतं. चार-पाच अक्षरी नावाला लावलं की कचराच जास्त.

वसईचा घोळ 'बसीन' या तिच्या जुन्या इंग्रजी नावामुळे. ब्रह्मदेशातल्या पाथेइनचंही जुनं नाव तेच. नॉट लावून बर्मा काढायचा मोह होतो, तो आवरा. पोर्तुगीजांच्या आशियातल्या व्यापारावरच्या ज्या लेखात ब्रह्मदेशाचा एकदा उल्लेख आहे, तोही त्याबरोबर जातो. वगळण्यापेक्षा जोडावं: बसीन अँड, कंसात चौल ऑर साष्टी. चौल आणि साष्टीही जुन्या इंग्रजी स्पेलिंगांनीच, साष्टी म्हणजे साल्सेट. पोर्तुगीज रूप 'बसाईं' वेगळं शोधावं, शेपटीच्या सी-सह (ç) आणि साध्या सी-सहही.

१८०२च्या वसईच्या तहावरचे लेख तरीही वर तरंगतात. ते टाळायला तारखेच्या चौकटीत १५३४ ते १७३९ हा वसईतल्या पोर्तुगीज अमलाचा काळ भरू नका. तिथे लेख छापल्याचं वर्ष लागतं, घटनेचं नाही. कामाचं काही हाती लागत नाही. पोर्तुगीज काळासाठी शब्दच बदलावे लागतात: चिमाजी, जेझुइट, फ्रान्सिस्कन. चिमाजीने १७३९ची मोहीम वेगळी होते, उरलेल्या दोघांनी चर्च आणि मठ. जमिनीच्या व्यवहारांसाठी नेमका शब्द अजून हाती लागलेला नाही. 'फोरो' आणि 'प्राझो' हे जमिनीसंबंधीचे पोर्तुगीज शब्द पुढच्या खेपेला चालवून बघायचे आहेत.