एटीआरच्या उजव्या सीटवरून हवाई दलात जायचंय? आधी डोळे, मग कॅलेंडर, मग राजीनामा

एटीआर या छोट्या टर्बोप्रॉप प्रवासी विमानाच्या उजव्या सीटवर सातशे-आठशे तास झालेल्या को-पायलटकडून पुण्यात हा प्रश्न हमखास येतो: आता हवाई दलात जाता येईल का? पुण्यातच जास्त येतो, कारण लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे. एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण, त्यांचंच, आणि जळगाव-सिंधुदुर्गच्या फेऱ्या करणाऱ्यांना सुखोई-30 एमकेआय रोज डोळ्यांसमोर दिसतात. जाता येतं. पण मधल्या पायरीवरून आत शिरण्याचा मार्ग नाही. टाइप रेटिंग (ठरावीक विमान उडवण्याची परवानगी), मल्टी-क्रूचा अनुभव, लॉगबुकातले तास यांतलं काहीही अकॅडमीत एक सॉर्टी, म्हणजे सरावाचं उड्डाणसुद्धा कमी करत नाही. कमर्शियल पायलट लायसन्सच्या, म्हणजे सीपीएलच्या, बदल्यात हवाई दल एकच गोष्ट देतं: वयात दोन वर्षांची सूट. म्हणून आधी तास वाढवू, मग अर्ज करू, हा विचार सपशेल उलटा आहे. तास वाढतात तसं वयही वाढतं, आणि मोजलं जातं ते वयच.

एअरफोर्स कॉमन ॲडमिशन टेस्ट, म्हणजे ॲफकॅटमधून फ्लाइंग ब्रँचला जायला कोर्स सुरू होताना वय 20 ते 24 लागतं. डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, वैध आणि चालू सीपीएल असेल तर वरची मर्यादा 26. उदाहरणार्थ, जानेवारी 2027 च्या कोर्ससाठी सीपीएलधारकाची जन्मतारीख 2 जानेवारी 2001 ते 1 जानेवारी 2007 या दरम्यान हवी. वय परीक्षेच्या दिवशी धरत नाहीत, कोर्सच्या पहिल्या दिवशी धरतात. परीक्षा आणि कोर्स यांत दहा-अकरा महिने जातात, त्यामुळे पंचविसावा वाढदिवस हीच खरी शेवटची तारीख समजा. 25 पूर्ण होण्याआधी लग्न झालेलं चालत नाही. 25 नंतरचा विवाहित उमेदवार पात्र असतो, पण प्रशिक्षणात कुटुंबासाठी निवास मिळत नाही.

दुसरा अडसर डिग्रीचा. बारावीनंतर थेट फ्लाइंग स्कूल गाठून विसाव्या वर्षी सीपीएल हातात आलेले कितीतरी जण पदवीधर नसतात. एअरलाइनला त्याने फरक पडत नाही, हवाई दलाला पडतो. कोणत्याही शाखेची किमान तीन वर्षांची पदवी 60 टक्क्यांनी किंवा बीई-बीटेक 60 टक्क्यांनी, आणि बारावीला गणित व भौतिकशास्त्रात प्रत्येकी 50 टक्के. दोन्हींची सरासरी नव्हे, प्रत्येकी. कॉमर्सनंतर फक्त सीपीएलसाठी हे दोन विषय वेगळे दिलेल्यांनी ती मार्कशीट काढून आजच आकडे बघावेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची सीजीपीएवाली मार्कशीट असेल तर टक्केवारीत रूपांतर केल्याचा कागद विद्यापीठाकडून वेळेत घ्या. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात त्यासाठी धावपळ करण्यात अर्थ नाही.

आता डोळे. सगळ्यात जास्त स्वप्नं इथेच मोडतात, आणि वाईट याचं वाटतं की बहुतेकांना ते दोन वर्षं आधीच कळू शकलं असतं. डीजीसीएचं क्लास वन मेडिकल चष्म्यासह मिळतं. त्यामुळे उणे दीडचा चष्मा लावून सुखाने एटीआर उडवणाऱ्याला आपण 'मेडिकली फिट पायलट' आहोत असंच वाटत असतं. हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचला उघड मायोपिया, म्हणजे उणे नंबर, शून्य लागतो. एका डोळ्याची दृष्टी 6/6, दुसऱ्याची 6/9, आणि तीही फक्त प्लस नंबरमुळे कमी असेल तर चालते. तो नंबर जास्तीत जास्त अधिक 2. पुण्यात नेत्रतज्ज्ञांची वानवा नाही. थेंब टाकून बाहुली मोठी करून केलेली तपासणी मागा आणि आकडे कागदावर लिहून घ्या. चष्म्याच्या दुकानातल्या मशीनच्या चिठ्ठीवर विसंबू नका. लेसर शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी वेगळे निकष आहेत. वयाच्या विसाव्या वर्षाआधी केलेली किंवा 12 महिने पूर्ण न झालेली शस्त्रक्रिया अडचणीत आणते. म्हणजे पंचविसाव्या वर्षी घाईने लेसर करून घेतला तर नंबर जाईल, पण वयोमर्यादाही निघून जाईल.

मग मापं. उंची किमान 162.5 सेंमी, पायांची लांबी 99 ते 120, मांडीची लांबी जास्तीत जास्त 64, बसल्यावरची उंची 81.5 ते 96. एअरलाइनमध्ये ही मापं कुणी घेत नाही, म्हणून ती माहीतच नसतात. प्रशिक्षण विमानाच्या कॉकपिटमध्ये इजेक्शन सीट असते, आणीबाणीत वैमानिकाला बाहेर फेकणारी. गुडघे पॅनेलला अडकले किंवा डोकं कॅनोपीला, म्हणजे वरच्या काचेच्या छताला, लागलं तर माणूस धड बाहेर पडणार नाही, एवढं सरळ कारण आहे. मणक्याचे एक्स-रे काटेकोरपणे तपासतात तेही याचमुळे. भिंतीला पाठ लावून, स्टुलावर बसून, घरच्या टेपने मापं घ्या. सीमारेषेवर असाल तर निदान कळेल. टॅटू कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला किंवा हाताच्या पंज्यावर मागे असेल तर चालतो, इतरत्र अडचण.

ॲफकॅटच्या लेखी परीक्षेबद्दल फार लिहायची गरज नाही. 100 प्रश्न, 300 गुण, दोन तास, चुकीला एक गुण वजा. पुण्यात केंद्र असतं. ज्याने डीजीसीएचे पेपर काढलेत त्याला इंग्रजी, गणित आणि रीझनिंगचा सराव पुरतो.

लेखीनंतर निवड मंडळाकडे मात्र दोन ठिकाणी एअरलाइनवाले घसरतात. पहिलं म्हणजे सीपीएसएस, संगणकावरची पायलट निवड चाचणी. ही आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात की सैन्यदलांतलं वैमानिक होण्याचं दार कायमचं बंद. चाचणीत डायल वाचून विमानाची स्थिती ओळखायची असते, आणि स्टिक व रडर पेडलने ठिपका जागेवर धरून ठेवताना दिवे आणि बझर हाताळायचे असतात. एटीआरवाल्यांचे पाय सुस्तावलेले असतात, कारण यॉ डॅम्पर (नाकाचं डावं-उजवं डोलणं आवरणारी यंत्रणा) आणि ऑटोपायलट ते काम करतात. डायलही ग्लास कॉकपिटमुळे, म्हणजे स्क्रीनवरच्या माहितीमुळे, परके झालेले असतात. जाण्याआधी महिनाभर जुन्या पद्धतीच्या सहा डायलवर, डेस्कटॉप सिम्युलेटरवर पेडल लावून हात-पाय मोकळे करा. रात्रीच्या फ्लाइटनंतर थेट ट्रेन पकडून चाचणीला बसू नका. दुसरं म्हणजे मुलाखत. 'एअरलाइन का सोडताय?' हा प्रश्न येणारच. कंपनीवरचा राग सांगितलात की बोलणं तिथेच संपलं. हवाई दलात नेमकं काय करायचं आहे आणि रोज कमांडरसोबत (कॅप्टनसोबत) उडताना त्यासाठी काय शिकलात, हे ठोस सांगा.

आता राजीनामा. यावर सर्वात कमी बोललं जातं आणि नुकसान इथेच सर्वात जास्त होतं. डीजीसीएच्या 2017 च्या नियमानुसार को-पायलटला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष नोटीस पिरियड आहे. हवाई दलाची मेरिट लिस्ट आणि जॉइनिंग लेटर मात्र कोर्सच्या तोंडावर येतं, हातात सहा महिने उरत नाहीत. मंडळाने शिफारस केली आणि मेडिकल फिट झालं म्हणजे निवड झाली असंही नाही. मेरिटमध्ये नाव नसेल तर नोकरी गेली आणि हवाई दलही गेलं. म्हणून मेरिट लिस्ट लागेपर्यंत राजीनामा देऊ नका. पण मंडळाची शिफारस मिळाल्याच्या आठवड्यातच कंपनीला लेखी कळवा, आणि निवड झाल्यास नोटीस कमी करून ना-हरकत द्यावी अशी विनंती करून ठेवा. कंपनीने राजीनामा लवकर स्वीकारून ना-हरकत दिली तर मुदत कमी होऊ शकते, ही सोय नियमातच आहे. तोंडी 'बघू, देऊ' याला किंमत शून्य. त्याच वेळी टाइप रेटिंगच्या बाँडचा, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराचा, कागद उघडा: रक्कम दरमहा कमी होत जाते की शेवटपर्यंत तेवढीच राहते, बँक गॅरंटी कुणाच्या नावावर आहे, पुढच्या तारखेचे चेक दिलेत का. वडिलांनी घर तारण ठेवलं असेल तर हा हिशेब त्यांच्यासोबत बसूनच करा.

पैशाची बाजूही स्पष्ट बघा. फ्लाइट कॅडेटला स्टायपेंड महिना 56,100 रुपये. कमिशन मिळाल्यावर मूळ वेतन 56,100, मिलिटरी सर्व्हिस पे 15,500 आणि फ्लाइंग अलाउन्स 25,000 मिळून 96,600. महागाई भत्ता वगैरे त्याच्यावर. सीपीएलच्या कर्जाचा हप्ता प्रशिक्षणकाळात स्टायपेंडमधून जाईल का, की बँकेकडून मुदत वाढवून घ्यावी लागेल, हे दुंडीगलच्या हवाई दल अकॅडमीत पोचण्याआधी ठरलेलं असावं.

उडण्यात काय बदलतं? सुरुवातीला एक गोष्ट फायद्याची. उजव्या सीटवर उजव्या हातात योक आणि डाव्या हातात पॉवर लिव्हर असतात. पिलाटस पीसी-7 मार्क टू या प्रशिक्षण विमानावरही उजव्या हातात स्टिक आणि डाव्या हातात थ्रॉटल. हातांना नवं काही शिकवावं लागत नाही. बाकी सगळं नवीन. नाकावर एकच इंजिन, त्यामुळे पॉवर वाढवली की नाक डावीकडे ओढतं आणि उजवा रडर लागतो. चेकलिस्ट वाचून दाखवायला शेजारी कुणी नाही. आणीबाणीच्या कृती तोंडपाठ हव्यात, पाठ म्हणजे झोपेतून उठवल्यावरसुद्धा. एअरलाइनमध्ये 30 अंशांपलीकडे बँक (विमानाचा एका बाजूला कल) गेला तर चौकशी होते. इथे 60 अंशांचं वळण रोजचं, आणि त्यात उंची राखताना शरीरावर 2 जी येतो, म्हणजे वजन दुप्पट भासतं. पुढे एरोबॅटिक्समध्ये त्याहून बराच जास्त. पोटऱ्या-मांड्या आवळून श्वास रोखण्याचं तंत्र पहिल्या दिवसापासून गंभीरपणे शिका.

सर्वात अवघड जातं ते सर्किट, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीभोवती मारायची ठरावीक फेरी. आयएलएसवर (धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओ संकेतांवर) दहा मैल सरळ येऊन उतरायची सवय लागलेल्या माणसाला नजरेने अंतर ठरवून घट्ट सर्किट मारायला वेळ लागतो. बेस लेग (धावपट्टीकडे वळण्याआधीचा आडवा टप्पा) लांबतो, फायनल (शेवटचा सरळ टप्पा) लांबते, आणि इन्स्ट्रक्टर तेच ते पुन्हा सांगतो. आठशे तासांचा पायलट साठ तासांच्या मुलाच्या मागे पडतो, तो बहुतेक इथेच. 'आमच्या कंपनीत असं करतात' हे वाक्य मनातसुद्धा येऊ देऊ नका. नकाशा आणि स्टॉपवॉचवर कमी उंचीवरून उडण्याचा सराव हवा, कारण एफएमएसने, म्हणजे विमानातल्या संगणकाने, मार्ग दाखवायची सवय त्यात आड येते. तुमची जमेची बाजू म्हणजे हवामान, रेडिओ आणि इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग. त्यात तुम्ही बॅचमधल्या इतरांना मदत करू शकता, आणि करावी.

फायटर, ट्रान्सपोर्ट की हेलिकॉप्टर, हे कामगिरी आणि सेवेची गरज पाहून ठरतं. आधी ट्रान्सपोर्ट केलंय म्हणून तेच मिळेल असं समजू नका. मिळालं, तर एटीआरवाल्याला हवाई दलाचं सी-295 हे मालवाहू विमान घरचं वाटेल. त्यावर प्रॅट अँड व्हिटनीचं पीडब्ल्यू127 जी इंजिन आहे, एटीआर 72-600 वरच्या पीडब्ल्यू127 एमचं भावंड.

ॲफकॅटमधून मिळते ती शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक मुदतीची नोकरी, 14 वर्षांची, न वाढणारी. पेन्शनसाठी 20 वर्षं लागतात, म्हणजे पेन्शन नाही. चाळिशीत बाहेर पडाल तेव्हा एअरलाइनची 65 ची मर्यादा अजून लांब असेल, पण सीनियॉरिटी शून्यापासून सुरू होईल. त्यामुळे निघण्याआधी 1500 तास होत असतील तर एटीपीएलचं (कमांडर होण्यासाठी लागणाऱ्या वरच्या लायसन्सचं) काम उरकून टाका. नसतील तर निदान पेपर तरी. डीजीसीएच्या पोर्टलवरचं लॉगबुक कंपनीतून बाहेर पडण्याआधी पूर्ण करून प्रमाणित करून घ्या. 14 वर्षांनी त्या सह्या गोळा करायला तुमचा तेव्हाचा चीफ पायलट त्या खुर्चीत नसेल.