स्प्लेंडरचं ऑइल घरच्या घरी: पाचव्या खेपेला जमीन कोरडी

काल संध्याकाळी स्प्लेंडर प्लसचं ऑइल पाचव्यांदा घरी बदललं. मीटरवर ४१,३८० होते. काम झाल्यावर गाडीखालचा पुठ्ठा उचलून पाहिला. पुठ्ठ्यावर दोन थेंब होते आणि खालचे पेव्हर ब्लॉक कोरडे. शेजारीच पहिल्या खेपेचा डाग आहे, पंजाएवढा. दोन पावसाळे झाले तरी गेलेला नाही. सिमेंटचा ब्लॉक ऑइल पिऊन टाकतो, वरून कितीही घासा. म्हणून काल कोरडे ब्लॉक पाहून फार बरं वाटलं, आणि या पाच खेपांत काय काय बदललं ते लिहून ठेवतोय. घरी ऑइल बदलणाऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल.

गाडी वडिलांची, २०१४ ची, कार्ब्युरेटरवाली. पुण्यात धायरीला राहतो. रोजचं सगळं चालवणं सिग्नल आणि ट्रॅफिकमधलं, म्हणून दर ३,००० किलोमीटरला ऑइल बदलतो. एका खेपेला ९०० मिली लागतं आणि नेमकी तेवढीच बाटली बाजारात मिळते. १०डब्ल्यू-३० या ग्रेडचं (म्हणजे जाडीचं) वापरतो आणि बाटलीवर जासो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या बाइकसाठीचं मानक) लिहिलंय का ते बघूनच घेतो. या गाडीत इंजिन, गिअर आणि क्लच हे सगळं एकाच ऑइलमध्ये चालतं. कारचं ऑइल घरात उरलंय म्हणून ओतलं तर क्लच सरकायला लागू शकतो.

पहिल्या खेपेला खाली वर्तमानपत्रं अंथरली आणि त्यावर बांधकामाचं घमेलं ठेवलं. इंजिनच्या तळाचा ऑइल काढायचा बोल्ट सुटला तसं गरम ऑइल बोटांवरून मनगटापर्यंत आलं. हात झटकला, बोल्ट घमेल्यात पडला, त्याबरोबर ऑइल उडालं. वर्तमानपत्र पाच मिनिटांत भिजून आरपार झालं. तेव्हा माझी समजूत झाली की सांडतं ते बोल्ट काढताना. रात्री पुन्हा जाऊन डाग नीट पाहिला तर तो गाडीखाली नव्हताच, दोन फूट बाजूला होता. म्हणजे मोठी सांडलवंड झाली होती घमेलं उचलून बाटलीत ओतताना. उथळ, रुंद भांडं भरलेलं असलं की जरा कलंडलं तरी सगळं एका बाजूला धावतं, आणि घमेल्याला धार पडायला चोच नसते. तिथून पुढे मी बोल्टपेक्षा भांड्याचा जास्त विचार करायला लागलो.

दुसऱ्या खेपेपासून खाद्यतेलाचा ५ लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन वापरतोय. कॅन आडवा ठेवायचा आणि वरच्या सपाट बाजूला कटरने चौकोनी खिडकी कापायची. झाकण घट्ट बंद. ऑइल खिडकीतून आत पडतं आणि नंतर झाकण उघडून, कॅन तोंडाकडे कलता करून त्याच्याच तोंडातून बाटलीत ओतता येतं. वेगळ्या भांड्यात काढायची भानगडच नाही. माझी पहिली खिडकी चुकली होती. ती तोंडाच्या फार जवळ आणली होती, त्यामुळे कॅन कलता केल्यावर ऑइल तोंडातून यायच्या आधी खिडकीच्या कडेवरून आलं. आता तोंडाच्या बाजूला चार बोटं प्लॅस्टिक राखून कापतो. ओतताना तेवढाच भाग ऑइल अडवून धरतो. कॅन निवडतानाही मोजून घ्या. डबल स्टँडवर माझ्या इंजिनच्या पोटाखाली जेमतेम १६ सेंटिमीटर जागा आहे आणि आडवा कॅन १२ चा. याहून जाड कॅन खाली सरकला असता, पण हात घालायला जागा उरली नसती.

गाडी दोन किलोमीटर फिरवून आणतो आणि पंधरा मिनिटं थांबतो. ऑइल कोमट असलं की पातळ असतं, तळाचा गाळही बरोबर घेऊन येतं. लगेच हात घातला तर सायलेन्सरचा पाइप मनगटाला चटका देतो. तिसऱ्या खेपेला मी घाई केली होती, त्याची खूण हातावर आहे.

कॅन सरकवण्याआधीच १७ नंबरच्या रिंग पान्याने बोल्ट फक्त सैल करून घ्यायचा. मोकळी जागा असते तेव्हा पाना पूर्ण फिरतो. इथे दिशेची गडबड होते. बोल्ट खालून लागलेला असतो आणि आपण वरून डोकावत असतो, म्हणून हात आपसूक आवळायच्या दिशेला जातो. सरळ जमिनीवर टेकून बोल्टच्या डोक्याकडे बघा, मग घड्याळाच्या उलट फिरवा. माझा बोल्ट आधी एका गॅरेजमध्ये इतका आवळलेला होता की पान्यावर पाय द्यावा लागला. इंजिनची केस (बाहेरचं कवच) ॲल्युमिनियमची, बोल्ट लोखंडाचा. असं दोन-चार वेळा झालं की आटे केसचे जातात, बोल्टचे नाही, आणि मग नुसता नवा बोल्ट आणून भागत नाही.

मग कॅन खाली सरकवायचा. त्यानंतरचे दोन सेकंद महत्त्वाचे. बोल्ट बोटांनी फिरवताना तो सतत वर दाबून धरायचा, जणू परत बसवतोय. आटे संपल्याचं बोटाला कळतं, बोल्ट किंचित हलायला लागतो. तोपर्यंत वर दाब ठेवला तर एक-दोन थेंबच गळतात. मग एका झटक्यात बोल्ट बाजूला ओढून हात काढून घ्यायचा. हात खाली नाही, आडवा न्यायचा, धारेच्या बाहेर. चौथ्या खेपेला हे पहिल्यांदा नीट जमलं आणि हातमोज्याला फक्त शेंड्याला ऑइल लागलं. तरीही बोल्ट निसटलाच तर कॅनच्या तळाशी बाहेरून जुन्या स्पीकरचा चुंबक लावून ठेवलाय, बोल्ट तिथेच चिकटतो, चाचपत बसावं लागत नाही.

धार जाड असते तोवर सरळ पडते. शेवटी ती दोऱ्याएवढी होते आणि वारा आला की बाहेर वाहते. कालचे दोन थेंब त्या वेळचेच. आमच्या पार्किंगला दोन्ही बाजूंनी वारा येतो. पुढच्या वेळी खिडकीच्या कडेला पुठ्ठ्याचा आडोसा उभा करणार आहे. धार थांबल्यावर चावी बंद ठेवून किक हाताने हळू चार-पाच वेळा दाबतो, अजून थोडं निघतं. काल सगळं मिळून ७९० मिली निघालं.

वायसर दर वेळी नवा घालतो. जुना काढलाय याची खात्री बोटाने करून घ्या, कारण तो कधी कधी बोल्टबरोबर न येता केसला चिकटून राहतो. त्यावर दुसरा बसवला की झिरपणं ठरलेलं. बोल्ट आधी पूर्ण हाताने बसवायचा, पान्याशिवाय. वायसर टेकला की साधारण पाव वळसा, बस.

भरताना डिपस्टिकचं (ऑइलची पातळी बघायच्या कांडीचं) भोक आडबाजूला असतं, त्यामुळे नुसतं नरसाळं कलंडतं. मी नरसाळ्याला फूटभर पारदर्शक नळी लावलीय. बाटली धरताना तिचं तोंड वरच्या अंगाला ठेवायचं, म्हणजे हवा आत जात राहते आणि डुबुक-डुबुक करत ऑइल उसळत नाही. हे आमच्या शेजारच्या काकूंनी सांगितलं, त्या डब्यातून तेल असंच काढतात. भरून झाल्यावर दोन-तीन मिनिटं इंजिन चालवून बंद करतो, तेवढाच वेळ थांबतो आणि डिपस्टिक पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी बघतो.

कॅन रात्रभर तसाच ठेवला आणि आज सकाळी काळं ऑइल त्याच रिकाम्या बाटलीत भरलं. निघतं ते भरलेल्यापेक्षा थोडं कमीच असतं, त्यामुळे बाटली पुरते. गावाकडे काळं ऑइल कुणी लाकडाला वाळवीसाठी लावतं, कुणी सेंट्रिंगच्या प्लेटांना. मला ते पटत नाही. त्यात झिजलेल्या धातूचे कण आणि जळालेली रसायनं असतात, आणि पावसात ते सगळं मातीत उतरतं. आमच्या पार्किंगचं पाणी नाल्यात जातं आणि नाला मुठा नदीत. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं. कोपऱ्यावरचे गॅरेजवाले मोठ्या पिंपात ते साठवतात आणि पिंप भरलं की रिफायनिंगवाल्यांना देतात. त्यांना विचारलं तर त्यांनी आनंदाने घेतलं. पाचही बाटल्या तिथेच गेल्या.

बोल्ट झिरपतोय का ते पाहायला रात्री इंजिनखाली पांढरा कागद ठेवला होता. सकाळी कोरडा होता. तरी अजून दोन रात्री ठेवणार आहे. पुढची खेप ४४,४०० च्या आसपास, आणि त्या वेळी काकूंच्या स्कूटरचंही करायचं ठरलंय. तिचं पोट जमिनीला अजून जवळ आहे, हा कॅन खाली जाणार नाही. दोन लिटरचा चपटा कॅन शोधायला लागलोय.